मस्कतची गाडी राधानगरीच्या रस्त्याला

प्रश्न : राधानगरी तालुक्यात माझा पाच एकर ऊस आहे आणि १४ म्हशी. दूध रोज दोन वेळा तीन किलोमीटरवरच्या संस्थेत घालतो. महिन्यातून चार-पाच खेपा कोल्हापूरला, पेंड आणि सरकी आणायला. अधूनमधून फोंडा घाट उतरून कणकवलीला सासुरवाडी. पुतण्या मस्कतला असतो. तो म्हणतो, ‘काका, टोयोटाची हायलक्स पिकअप घ्या, ती मरत नाही.’ त्यानं व्हिडिओ पण पाठवलेत. २०२२ची एक गाडी बघून ठेवलीय, मालक २५ लाख सांगतोय. गावात सगळे म्हणतात, वेडा आहेस, बोलेरो पिकअप घे. हायलक्सचं नाव एवढं मोठं आहे, तशी गाडी खरंच आहे का?
— एक वाचक, ता. राधानगरी

उत्तर : दादा, तुमच्या कामाला घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्राच्या सुरावरून तुम्ही इसार द्यायच्या बेतात दिसता. पण ‘नावाप्रमाणं आहे का’ हा प्रश्न वेगळा आहे आणि मला त्यातच जास्त रस आहे.

एकतीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या इंजिनातले डिझेल पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल दुरुस्त करतोय. बेंचवर पंप येतो तेव्हा ती गाडी लाल की पांढरी हे मला बऱ्याचदा ठाऊक नसतं. त्यामुळं मी जे सांगणार ते इंजिनाच्या बाजूनं.

पुतण्यानं कुठला व्हिडिओ पाठवला असेल याचा मला अंदाज आहे. २००३ साली ब्रिटनच्या एका टीव्ही कार्यक्रमात जुनी डिझेल हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडवली, आग लावली, शेवटी उंच इमारतीच्या छतावर ठेवून ती इमारतच सुरुंगानं पाडली. ढिगाऱ्यातून काढली तर चालू झाली. ते खरं आहे. त्याआधी १९८७ला आफ्रिकेत चाडच्या सैनिकांनी असल्याच टोयोटा पिकअपवर क्षेपणास्त्रं बसवून लिबियाच्या रणगाड्यांना पळवून लावलं, तेही खरं. १९६८पासून निघणारी गाडी आहे, नाव काय फुकट मिळत नाही.

पण त्या व्हिडिओतली गाडी १९८८ची. तिच्यात जो पंप होता त्याला आम्ही रोटरी म्हणतो. सगळं काम गिअर, स्प्रिंग आणि प्लंजरचं. डिझेल बंद करायच्या एका सोलेनॉइडपुरतं करंट मिळालं की इंजिन चालू राहायचं. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. असली गाडी बुडाली तर नोझल काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर टाका, ऑइल बदला, लाइनची एअर काढा आणि सेल मारा. मरायला तिच्यात होतंच काय? त्या जमान्यातल्या आपल्या देशी पिकअपसुद्धा अशाच होत्या. आमच्या गल्लीत पावसात भिजून आलेलं इंजिन चहा संपेपर्यंत चालू करणारे फिटर मी बघितलेत.

तुम्ही घेताय ती गाडी त्या गाडीची नात आहे. आडनाव तेवढं तेच. २.८ लिटरचं कॉमन रेल इंजिन, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (आताच्या नोझलना) एकाच नळीतून जबर दाबानं डिझेल देणारं. २०४ हॉर्सपॉवर, टॉर्क म्हणजे ओढ मॅन्युअलला ४२० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकला ५००. जुन्या नोझलला शे-दीडशे बारला आम्ही सेट करायचो. आता रेलमधला दाब दोन हजार बारच्या पुढं जातो. अंदाज यावा म्हणून सांगतो, तुमच्या गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार हवा असते. एवढ्या दाबाला इंजेक्टरच्या आत जी फट लागते तिथं केसालाही जागा नाही. डिझेलमधून पाण्याचा थेंब गेला, किंवा शेडमधल्या जुन्या कॅनमधलं गढूळ डिझेल घातलं, तर इंजेक्टर गेलाच म्हणून समजा. आणि एक बदलून भागत नाही, पुष्कळदा चारही निघतात. रानात कॅननं डिझेल ओतायची सवय आपल्याकडं घरटी आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता तुमच्या तीन किलोमीटरकडं येतो. खरी मेख तिथं आहे.

एप्रिल २०२०पासून धुराचा बीएस-६ हा कडक नियम आला. तेव्हापासून या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. साठलेली काजळी जाळायची तर तो चांगला तापावा लागतो आणि तापायला गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगानं पळावी लागते. तुम्ही पहाटे धार काढून निघणार, थंड इंजिनावर तीन किलोमीटर जाणार, संस्थेच्या दारात रांगेत इंजिन चालू ठेवून उभे राहणार, परत तीन किलोमीटर. संध्याकाळी पुन्हा तेच. फिल्टर कधी तापणारच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, तो बघून न बघितल्यासारखं केलं की गाडी ओढ सोडते, आणि मग वर्कशॉपचं बिल बघून माणूस घाम पुसतो. हे फक्त हायलक्सचं नाही हो. नवीन बोलेरो पिकअपलाही सगळ्या खेपा असल्याच मारल्यात तर तेच होणार. मी उगाच एकीच्या बाजूनं भांडत नाही.

टोयोटाला याच फिल्टरनं परदेशात घाम फोडला होता. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात विकलेल्या हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो, मिळून २ लाख ६४ हजारांवर गाड्या, त्यांच्या डीपीएफच्या रचनेत दोष होता असं तिथल्या फेडरल कोर्टानं २०२२ला म्हटलं. मजा बघा, तिथं दोष उलट्या बाजूनं दिसला. हायवेला सलग शंभरच्या वेगानं पळवली की फिल्टर नीट साफ व्हायचा नाही, पांढरा धूर, घाण वास. २०२०ला कंपनीनं रचना बदलली आणि आपल्याकडं हायलक्स आली ती २०२२ला. म्हणजे तो दोष तुमच्या गाडीच्या कपाळी चिकटवू नका. पुढं जानेवारी २०२४मध्ये जपानला डिझेल इंजिनांच्या हॉर्सपॉवर चाचणीत गडबड निघाली, तेव्हा आपल्याकडं इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स काही दिवस शोरूमला पाठवायच्या थांबवल्या होत्या. नंतर सुरू झाल्या. इंजिनाची ताकद खोटी निघाली असं नव्हे, पण ‘त्या कंपनीचं कधी चुकत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

तर नावाप्रमाणं आहे का? चेसिस, फोर बाय फोर, लो गिअर, मागची दोन्ही चाकं एकसारखी फिरवणारा डिफरन्शियल लॉक, यात आहे. शंभर टक्के आहे. दाजीपूरच्या बाजूला जांभ्याच्या लाल चिखलात पोटापर्यंत रुतलेली गाडी लो गिअरला टाकून शांतपणे बाहेर काढायची असेल तर तिच्यासारखी तीच. इंजिन आणि चेसिसचं घराणं फॉर्च्युनरचं, आणि फॉर्च्युनर आपल्या जिल्ह्यात किती आहेत हे एखाद्या लग्नाच्या पार्किंगला बघून घ्या. निवडणुकीच्या साली तर मोजूच नका. त्यामुळं इंजिनाचं काम जाणणारे लोक मिळतात.

अडचण येते हौद्याला. पाच माणसांची डबल केबिन, त्यामुळं मागं हौदा उरतो साधारण पाच फूट. बोलेरो पिकअपचा आठ-नऊ फूट, आणि ती मॉडेलप्रमाणं १.३ ते १.७ टन कायद्यानं नेते, तिच्या मॅक्स मॉडेलमध्ये त्याच्याही वर. गुळाचे ३० किलोचे रवे धरा, ५० रवे म्हणजे दीड टन. पिकअपवाला ताडपत्री बांधून बिनघोर मार्केट यार्ड गाठतो. हायलक्सच्या आरसी बुकात भारासहित वजनाचा आकडा असतो, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. जे उरतं त्यात तुम्ही, वहिनी, पोरं आणि पेंडेची पोती सगळी बसवायची आहेत. मालकाकडून आरसीचा फोटो मागवा आणि स्वतः वजाबाकी करा, माझ्यावर विसंबू नका. जास्त भरलंत तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या बदलानंतर ओव्हरलोडचा दंड २० हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. बरं, हौदा रिकामा असला तर मागचे पाटे कडक, राधानगरी रोडवर मागं बसलेल्या वहिनी सासुरवाडीला पोचेपर्यंत तुमच्याशी बोलायच्या नाहीत.

लांबीचंही बघा. ५ मीटर ३२ सेंटिमीटर. संस्थेच्या बोळात वळते का, ते दोरी घेऊन मोजा. हसू नका, मोजा.

मार्च २०२२ला हायलक्सची किंमत ३३ लाख ९९ हजारांपासून जाहीर झाली होती, पुढं कंपनीनं सुरुवातीच्या मॉडेलची उतरवली. तेव्हा २५ लाख हा आकडा आधी नव्या गाडीच्या आजच्या भावाशी ताडून बघा. त्या पैशात दोन पिकअप येतात आणि वर म्हशींना शेड होतं.

माझ्या मतानं असं करा. दूध मोपेडवर न्या. दोन-तीन कॅनचं तर काम, आमच्या वेळी एम-एट्टीवर चार-चार कॅन लोंबकळत जायचे. पिकअप घ्या ती कोल्हापूरच्या खेपांसाठी, म्हणजे तिला लांब पळायला मिळेल आणि फिल्टर आपोआप साफ राहील. सासुरवाडीला पिकअपमधून जायची लाज वाटत असेल तर तो प्रश्न गाडीच्या सदरात येत नाही.

एवढं ऐकूनही मन हायलक्सवरच असेल, तर इसार देण्याआधी चार गोष्टी. कंपनीच्या वर्कशॉपला स्कॅनर लावून डीपीएफमध्ये काजळी किती आहे ते वाचून घ्या. इंजेक्टरमधून मागं परतणारं डिझेल मोजायची लीक-बॅक टेस्ट करा, चारही बाटल्यांत सारखं डिझेल आलं पाहिजे. डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा, दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. आणि सगळ्या सीटचे बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. सीट कव्हर बदलतात, मॅट बदलतात, बेल्टच्या आतल्या टोकाला राहिलेली गाळाची रेघ धुवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या भागात महापुरानंतर विकलेल्या गाड्या अशाच सापडतात.

प्रश्न : आमचं गाव शिरोळ तालुक्यात नदीकाठी. दर दोन-तीन वर्षांनी पाणी येतं. हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते असं जाहिरातीत वाचलं. मुलगा म्हणतो, मग पुराचं टेन्शन नाही. हे कितपत खरं?
— एक वाचक भगिनी, ता. शिरोळ

उत्तर : ताई, ७०० मिलिमीटर म्हणजे सव्वादोन फूट. उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या थोडं वर. ते उभ्या पाण्याचं माप आहे, सपाट तळ असलेल्या, हळू जाणाऱ्या गाडीचं. २०१९च्या महापुरात कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. तिथं सव्वादोन फुटांचं कौतुक काय सांगायचं?

माझीच गोष्ट सांगतो, लाज वाटते तरी. जुलै २०२१ला मेहुण्याच्या म्हशी काढायला चिखलीच्या बाजूला गेलो होतो, माझी स्वतःची पिकअप घेऊन. कंपनीचं नाव घेत नाही, गाडीची काही चूक नव्हती. समोरून ट्रॅक्टर आला, त्याच्या चाकांनी लाट उठवली आणि ते पाणी बॉनेटवरून एअर फिल्टरमध्ये गेलं. इंजिननं हवेऐवजी पाणी ओढलं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं कनेक्टिंग रॉड वाकला. जिल्ह्याला डिझेलची अक्कल शिकवणारा माणूस, त्याच ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आला. म्हशी पोहत बाहेर पडल्या, त्यांना माझी गरज नव्हती.

वाहतं पाणी तर आणखी वाईट. गाडीचं पोट पाण्याला लागलं की पाणी तिला उचलतं, चाकाची पकड जाते, आणि रस्त्याची कड कुठं संपली हे गढूळ पाण्यात दिसत नाही. मुलाला सांगा, बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की गाडी आणि जनावरं दोन्ही उंचावर हलवायची. तेवढ्याला कुठलीही गाडी चालते, बैलगाडीसुद्धा.

प्रश्न : २०१२ची पिकअप आहे, ३ लाख ८० हजार किलोमीटर झाले. धूर काळा मारते. हायलक्स नको, पण इसुझू व्ही-क्रॉस बघू का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : व्ही-क्रॉस चांगली गाडी आहे, १.९ लिटर, १६३ हॉर्सपॉवर, हायलक्सपेक्षा स्वस्त. पण हौदा आणि डीपीएफ यांचं वर जे लिहिलं ते सगळं तिलाही लागू. तुमचा काळा धूर म्हणजे गाडी संपली असं नाही. आधी एअर फिल्टर बदला, दोनशे-चारशे रुपयांचं काम. मग टर्बोचा होज पाइप हातानं चाचपून बघा, खालच्या बाजूला चीर असते. त्यानंही धूर थांबला नाही तर नोझल खोलून घेऊन या. सकाळी दहाच्या आत आलात तर संध्याकाळच्या एसटीनं नोझल घेऊन परत जाल.