वायकिंग योद्धे खरंच शिंगांचं शिरस्त्राण घालायचे का? मुलाच्या स्नेहसंमेलनासाठी कोणतं विकत घ्यावं?

नव्हते घालत. वायकिंग म्हणजे साधारण आठव्या ते अकराव्या शतकातले उत्तर युरोपातले दर्यावर्दी, आणि त्यांच्या काळातलं शिंगं असलेलं एकही शिरस्त्राण आजवर सापडलेलं नाही. कोणतं विकत घ्यावं त्याकडे येतेच, पण याच शिंगांवरून माझं एका दिग्दर्शकाशी कडाक्याचं वाजलं होतं आणि अजून आमचं धड बोलणं नाही, म्हणून आधी ते सांगते.

मी नाटकांची वेशभूषा करते. समुद्रसफरीचं बालनाट्य होतं, त्यात चार वायकिंग. मी नमुना धरला येर्मुंदबूचा. नॉर्वेतल्या या शेतावर 1943 साली दहाव्या शतकातलं थडगं सापडलं, त्यात लोखंडी शिरस्त्राणाचे तुकडे होते. ते जुळवून उभं केलेलं शिरस्त्राण ओस्लोच्या संग्रहालयात आहे. चार पत्रे, ते सांधणाऱ्या पट्ट्या, कपाळाभोवती पट्टा, माथ्यावर बारकं टोक आणि डोळ्यांपुढे चष्म्याच्या फ्रेमसारखी जाड कड. बस, एवढंच.

फुग्यावर वर्तमानपत्राचे कपटे खळीने चिकटवून मी टोप केले. पट्ट्या पुठ्ठ्याच्या. वर काळा रंग, आणि तो वाळल्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने घासली. स्टेजच्या दिव्यांखाली ते लोखंडच वाटायचं. रंगीत तालमीला दिग्दर्शक म्हणाले, "शिंगं कुठायत? शिंगांशिवाय पोरांना कळणार कसं?" मी म्हटलं, गोल ढाल आहे, कुऱ्हाड आहे, जहाजाच्या नाळेवर ड्रॅगनचं डोकं आहे. ऐकलं नाही. प्रयोगाच्या दिवशी माझ्या टोपांना भोकं पाडून थर्माकोलची शिंगं बसवली. याच माणसाने एका ऐतिहासिक नाटकात मावळ्याच्या पागोट्याचा पीळ चुकलाय म्हणून मला तो उकलून पुन्हा बांधायला लावला होता! तिथे प्रेक्षक जाब विचारतील ही धास्ती. नॉर्वेचं कोणी जाब विचारायला येणार नव्हतं, म्हणून काहीही चालतं? मला हे पटत नाही, कधी पटणारही नाही.

मला याचं जास्त लागतं, कारण हा घोळ आमच्याच धंद्यातून पसरला. 1876 साली जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वॅग्नरच्या 'निबेलुंगची अंगठी' या ऑपेराचा पहिला पूर्ण प्रयोग झाला, तेव्हा वेशभूषाकार कार्ल एमिल डोपलर यांनी पात्रांना शिंगांची शिरस्त्राणं दिली. त्या ऑपेरात वायकिंग नाहीतच, देव आणि दंतकथेतले वीर आहेत. पण ते रूप लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

काही जण पुरावा म्हणून डेन्मार्कच्या वेक्सोची शिरस्त्राणं दाखवतात. 1942 साली दलदलीत सापडलेली, कांस्याची, मोठी वळणदार शिंगं असलेली. ती इ.स.पू. 900च्या सुमाराची आहेत, म्हणजे वायकिंगांच्या सुमारे सतराशे वर्षं आधीची. बाजीरावाच्या डोक्यावर सातवाहनकालीन पागोटं ठेवण्यातला प्रकार. आणि लढाईचा विचार करा: गोल लोखंडावरून तलवारीचा घाव घसरतो, शिंगात तो अडकला तर मानच पिरगळेल.

हां, नॉर्वेत ओसेबर्गला थडग्यात सापडलेल्या वायकिंग काळातल्या जहाजातल्या विणलेल्या पटावर शिंगवाली एक आकृती आहे, ती बहुधा धार्मिक विधीतली. शिवाय येर्मुंदबूसारखी शिरस्त्राणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही सापडलेली नाहीत, त्यामुळे सगळे तसंच घालायचे असंही म्हणू नये.

तुमच्या मुलासाठी प्लॅस्टिकचं शिंगवालं अजिबात घेऊ नका. घरी करा. फुगा त्याच्या डोक्यापेक्षा जरा मोठा फुगवा, नाहीतर वाळल्यावर टोप घट्ट होतो. डोळ्यांची कड दुहेरी पुठ्ठ्याची घ्या. शाळेतल्या बाईंनी शिंगांचा आग्रह धरला तर येर्मुंदबूचा फोटो दाखवा, आणि "कळणार कसं" म्हणाल्या तर मुलाच्या हातात गोल ढाल द्या.