एम-८७ चा झोत समजून घेताना

अंबाजोगाईच्या माळावर दुर्बीण लावलीस, छान केलंस. एप्रिलच्या रात्री उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला कन्या राशीत एम-८७ या दीर्घिकेचा पुसट ठिपका सापडेल. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून निघणारा पदार्थाचा झोत मात्र आपल्या सहा इंची दुर्बिणीतून दिसणार नाही, हिरमुसू नकोस. खगोलशास्त्रज्ञ हीबर कर्टिसला तो १९१८ साली मोठ्या दुर्बिणीनं काढलेल्या फोटोत सापडला.

आता एक गैरसमज मनातून काढ. झोत कृष्णविवराच्या पोटातून येत नाही, तिथून काहीच परत येत नाही. तो क्षितिजाबाहेरच, म्हणजे जिच्या आतून परत येता येत नाही त्या सीमेबाहेरच, तयार होतो. अंबाडीच्या वाखाला पीळ देऊन दावं वळताना पाहिलंयस ना? तसंच फिरतं विवर भोवतालच्या चुंबकीय रेषांना पीळ देतं. १९७७ साली ब्लँडफर्ड आणि झ्नायेक या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की याच वाटेनं विवराच्या फिरण्यातली ऊर्जा बाहेर काढता येते. मला तर यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

या झोतातल्या गाठी प्रकाशाच्या सहापट वेगानं सरकताना दिसतात. घाबरू नकोस, आइनस्टाइन चुकला नाही. झोत जवळपास आपल्याच रोखानं येतोय, म्हणून तसा भास होतो. वहीत त्रिकोण काढून हे स्वतः सोडव, मी आयतं उत्तर देणार नाही.