वाचकांचे प्रश्न : बॉक्सिंगचा कोच कसा पारखावा?

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची आहे. जवळपास दोन क्लास आहेत. एकीकडचे सर राष्ट्रीय पदकविजेते. ते पहिल्याच आठवड्यात मुलांना स्पॅरिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, उतरवतात. दुसरीकडे दीड महिना नुसतं पायांचं काम चालू आहे आणि मुलगी कंटाळली आहे. कुठे घालावं? (एक पालक, नाशिक)

उत्तर : दुसरीकडे. स्टान्स (उभं राहण्याची पद्धत), चारही दिशांना सरकणं, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) आणि समोरून आलेला जॅब अडवणं, एवढं अंगवळणी पडायला आठवड्यातून तीन-चार दिवस येणाऱ्या मुलाला दोन-तीन महिने लागतातच. त्याआधी रिंगमध्ये ढकललं की मूल ठोसा येताना डोळे मिटायला आणि मान फिरवायला शिकतं. ही सवय पुढे मोडता मोडत नाही.

मुलीचा कंटाळाही रास्त असू शकतो. दीड महिन्यानंतर जोडीचा सराव सुरू झालेला असावा : एकीने फक्त जॅब टाकायचा, दुसरीने फक्त अडवायचा, किंवा ग्लोव्हज न घालता एकमेकींच्या खांद्याला हात लावायचा खेळ. तेही घेत नसतील तर सरांना सरळ विचारा.

पदकाचं म्हणाल, तर खेळणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मोहम्मद अलींचे कोच अँजेलो डंडी स्वतः नावाजलेले बॉक्सर कधीच नव्हते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, अभ्यासक्रम केलेला असेल तर उत्तम. पण एक पूर्ण तास क्लासमध्ये बसून जे दिसेल ते प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलकं असतं. जोड्या लावताना वजन, वय आणि किती दिवसांचा सराव, हे तिन्ही बघतात का? स्पॅरिंगला १४ किंवा १६ औंसांचे ग्लोव्हज आहेत का? गमशील्ड (दातांवरचं रबरी कवच) विसरलेल्या मुलाला त्या दिवशी बाजूला बसवतात का? आणि मुलं खेळत असताना सर दोरीपाशी उभे असतात की फोनवर? एका मुलाचं पारडं जड होताच जे सर मधे पडून थांबवतात, त्यांच्याकडे मुलगी निर्धास्त सोपवा.

प्रश्न : मी दोन वर्षं मुलांना शिकवतो. पॅडवर (ठोसे झेलायला मी हातात धरतो त्या गाद्यांवर) पोरं जोरदार मारतात, पण स्पर्धेत ठोसे लागतच नाहीत. काय चुकतंय? (एक तरुण कोच, सांगली)

उत्तर : बहुधा तुमचं पॅड धरणं चुकतंय. पुढच्या वेळी मोबाइल बाजूला तीन-चार मीटरवर ठेवून एक फेरी चित्रित करा आणि संथ गतीत बघा.

पहिली गोष्ट, पॅड खांद्याएवढे फाकलेले आहेत का? मग मुलगा डोक्याच्या बाहेरून मारायला शिकतोय. प्रतिस्पर्ध्याची हनुवटी जिथे असेल तिथेच पॅड हवेत : तुमच्या चेहऱ्यासमोर, दोन्हींमध्ये जेमतेम मुठीचं अंतर. हुकसाठी (बाजूने वळवून मारलेला ठोसा) पॅड गालाच्या उंचीवर आत वळवलेला, अपरकटसाठी (खालून वर येणारा ठोसा) पालथा.

दुसरी गोष्ट, ठोसा येताना तुम्ही पॅड पुढे आपटता का? आवाज छान येतो, पण मुलाचा हात पुरता सुटायच्या आत पॅड येऊन भिडतो. त्याच्या डोळ्यांत आखूड अंतर बसतं आणि स्पर्धेत ठोसा वीतभर अलीकडे पडतो. पॅड जागेवर धरा, ठोसा लागताना दोन-तीन इंचच दाब द्या. कोपर किंचित वाकलेलं ठेवा. ताठ हाताने पॅड धरणाऱ्या कोचचे खांदे फार काळ टिकत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. आठ-दहा ठोशांच्या पाठ केलेल्या माळा बघायला देखण्या असतात, पण समोरचा तेवढा वेळ उभा राहत नाही. पहिल्या फेरीत एक किंवा दोनच ठोसे घ्या आणि तेही न पुकारता : पॅड अचानक दाखवा, मुलाला नजरेने ओळखू द्या. प्रत्येक वेळी ठोसे संपताच तुमच्या पॅडचा एक हलका हुक त्याच्या कानाच्या उंचीवर फिरवा. जॅब मारताना त्याचा मागचा हात गालावरून घसरत असेल, तर तो पॅड लागेल आणि ओरडून सांगावं लागणार नाही. शिवाय तुम्ही एका जागी खिळू नका. अर्धं पाऊल मागे, मग बाजूला जा, म्हणजे मुलाला पायांनी अंतर कापावं लागेल.

एवढं करूनही पॅड तीन-चार फेऱ्यांपुरतेच. उरलेला वेळ जोडीच्या सरावाला द्या. ठोसा परत येतो तो तिथेच.

प्रश्न : दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात कोचने नेमकं काय करावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हाताशी पन्नासच सेकंद धरा, कारण शेवटच्या दहा सेकंदांत रिंगबाहेर निघायचं असतं. पहिली पंधरा सेकंदं बोलूच नका. स्टूल, गमशील्ड काढून धुणं, खेळाडूचे दोन-तीन खोल श्वास. धाप लागलेल्याच्या कानात काही शिरत नाही. मग डोळ्यांत बघून एकच सूचना द्या, फार तर दोन, आणि ती करता येण्याजोगी हवी. ‘जोर लाव’, ‘लक्ष दे’ यातून काहीच कळत नाही. ‘जॅब मारून डावीकडे निघ’ यातून कळतं. ती त्याच्याकडून एकदा वदवून घ्या. पाण्याचा एक घोट पुरे. डोक्यावर बाटली ओतलीत तर कोपऱ्यातला कॅनव्हास ओला होतो आणि पाय घसरतो. कोपऱ्यात बोलणारा माणूस एकच असावा.

सामना थांबवणं हेही कोपऱ्याचंच काम. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात अली-फ्रेझियर लढतीची १४वी फेरी संपली तेव्हा सुजलेल्या डोळ्यांमुळे जो फ्रेझियर यांना समोरचे ठोसे धड दिसत नव्हते. फक्त शेवटची फेरी उरली होती आणि ते उठायला तयार होते. कोच एडी फच यांनी त्यांना उठू दिलं नाही. जगज्जेतेपदाची संधी हातची गेली तरी कोचचं काम त्यांनी चोख केलं.

प्रश्न : स्पॅरिंगनंतर मुलाचं डोकं दुखत होतं. सर म्हणाले, हेडगार्ड होतं, काही होत नाही. (एक पालक, नागपूर)

उत्तर : हे चूक आहे. हेडगार्ड कापण्यापासून आणि खरचटण्यापासून वाचवतं. आत मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही. पुरुषांच्या खुल्या गटातून ते २०१३ मध्ये काढलं गेलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याशिवायच खेळले.

डोकं दुखलं, गरगरलं, उजेड सहन झाला नाही तर त्या दिवशी ग्लोव्हज पुन्हा चढवायचे नाहीत आणि डॉक्टरांना दाखवायचं. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, अडखळतं बोलणं, जागं करणं कठीण जाणं, यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. पुढे एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग दोरीच्या उड्या आणि शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव), मग बॅग, मग पॅड. प्रत्येक टप्प्याला किमान एक पूर्ण दिवस. त्रास परत आला तर एक टप्पा मागे. स्पॅरिंग सर्वांत शेवटी, तेही डॉक्टरांच्या लेखी परवानगीने. मुलांना बरं व्हायला मोठ्यांपेक्षा जास्त दिवस लागतात, घाई नको.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, वजन ५७ किलो. स्पर्धेला चार दिवस आहेत. सर प्लास्टिकचं जॅकेट घालून तीन किलो उतरव म्हणतात. (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : उतरवू देऊ नका. चार दिवसांत तीन किलो जातं ते बहुतांश पाणी. व्यावसायिक बॉक्सरचं वजन आदल्या दिवशी होतं, त्याला भरून काढायला रात्र मिळते. हौशी स्पर्धेत वजन त्याच दिवशी सकाळी होतं आणि खेळायचंही त्याच दिवशी. मुलगा कोरड्या अंगाने रिंगमध्ये जाईल, पाय जड पडतील आणि ठोसे चुकवता येणार नाहीत.

हा वाढीचा काळ आहे, वरच्या वजनगटात खेळवा. रोज सकाळी उपाशीपोटी वजन वहीत मांडा, म्हणजे त्याचं खरं वजन कोणतं ते कळेल. सरावाआधी आणि नंतरही वजन करा; जेवढे किलो कमी भरेल त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत थोडं थोडं प्यायला हवं. आणि गट कोणता हे सरांशी पुढच्या वेळी प्रवेशिका भरायच्या आधीच ठरवा.