विमान अपघात तपासणीस व्हायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

रावेर तालुक्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. मोटार रिवाइंडिंग आणि पंपदुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय. मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे, दुकानात आलेल्या पंपांचे मोडके भाग एका खोक्यात जपून ठेवते आणि जून 2025 मधील अहमदाबादच्या दुर्घटनेपासून 'विमान अपघातांचा तपास करणारी अधिकारी होईन' असे म्हणते आहे. हे पोलिसांसारखे काम आहे का, तिला ते झेपेल का, आणि एक खासगी संस्था या विषयाच्या एका वर्षाच्या डिप्लोम्यासाठी साडेतीन लाख रुपये मागते आहे ते भरावेत का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

महोदय,

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: पैसे भरू नका. बारावीनंतर थेट तपासणीस बनवणारा कोणताही रस्ता नाही. आपल्या देशात हे काम 2012 पासून विमान अपघात अन्वेषण ब्युरो, म्हणजे एएआयबी, करतो. परवाने देणे आणि सुरक्षेच्या नियमांवर देखरेख ठेवणे हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, काम आहे. अशा कामावर घेतली जाणारी माणसे आधी अभियंता, वैमानिक किंवा हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून मुरलेली असतात.

पोलिसांशी केलेली तुलना समजण्यासारखी आहे, पण ती चुकीची आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या शिकागो करारातील परिशिष्ट 13 प्रमाणे अशा तपासाचा हेतू एकच असतो, तो म्हणजे पुढचा अपघात टाळणे; कोणाला दोषी ठरवणे हे तपासणीसाचे काम नव्हे. मंगळूरला 22 मे 2010 रोजी विमान अपघातात 158 माणसे गेली. त्या अपघाताची चौकशी आपल्याच मातीतले निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. मुख्य वैमानिक प्रवासात बराच वेळ झोपलेले होते आणि सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्याचे तीनदा सुचवूनही त्यांनी उतरण्याचा प्रयत्न वेळीच सोडला नाही. 'वैमानिकाची चूक' एवढे लिहून फाईल बंद करता आली असती. परंतु अहवालात तेथील रडार बंद असल्याची आणि धावपट्टीपलीकडच्या ज्या काँक्रीटच्या बांधकामावर पंख आदळला त्याचीही नोंद आहे, कारण वैमानिक बदलला तरी ते बांधकाम पुढच्या विमानासाठी तेथेच उभे राहिले असते.

झेपण्याविषयी म्हणाल, तर आपल्या मुलीचे ते खोके मला गुणपत्रिकेपेक्षा अधिक बोलके वाटते. एका झटक्यात मोडलेल्या शाफ्टचे तोंड सर्वत्र खरखरीत दिसते. चीर हळूहळू वाढत जाऊन तुटलेल्या शाफ्टवर मात्र शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा असतात, त्या मागे मागे पाहत गेले की चीर जेथून सुरू झाली तो, शाफ्टवर चाक पक्के धरणारी चावी बसवायच्या खाचेचा कोपरा सापडतो, आणि केवळ शेवटचा तुकडा खरखरीत असतो. विमानाच्या तुटलेल्या भागातील धातूचा थकवा असाच ओळखतात. जुन्या विमानांत इशाऱ्याच्या दिव्यांचे बारीक बल्बसुद्धा जपून उचलतात, कारण धडकेच्या क्षणी दिवा पेटलेला असेल तर आतली तापलेली तार ताणली जाते, आणि विझलेला असेल तर थंड तार तशीच तुटते. (ब्लॅक बॉक्स नारिंगी असतो, हे तिला आधीच ठाऊक असेल.)

मात्र कामाचा दुसरा भाग तिच्यापासून लपवू नका. जुलै 2021 मध्ये चोपडा तालुक्यात कोसळलेले प्रशिक्षण विमान सातपुड्याच्या पायथ्याशी, भर पावसाळ्यात पडले होते. अशा जागी चालत जावे लागते, आणि मृतदेह पाहून आल्यावरही हात न थरथरता मोजमाप घ्यावे लागते. प्राथमिक अहवाल 30 दिवसांत अपेक्षित असतो, अंतिम अहवाल शक्यतो वर्षभरात. तोवर बातम्यांतून रोज नवे निदान होत असताना गप्प राहणे, हे मला या नोकरीतले सर्वांत अवघड काम वाटते.

तपासणीस होण्याआधी लागणारा अनुभव देणारे मार्ग पुढीलप्रमाणे आहेत. जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा अन्यत्र यंत्र अभियांत्रिकीची पदवी घ्यावी, आणि नंतर डीजीसीएतील हवाई सुरक्षा व उड्डाणयोग्यता अधिकाऱ्यांच्या, यूपीएससीमार्फत निघणाऱ्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. पात्रता त्या त्या जाहिरातीत पाहावी. दुसरा मार्ग विमान देखभाल अभियंत्याचा. त्यात यांत्रिक बाजूचा बी1 आणि विद्युत-इलेक्ट्रॉनिक बाजूचा बी2 परवाना असतो. संस्था डीजीसीएच्या मंजूर यादीत आहे याची खात्री केल्याशिवाय प्रवेश घेऊ नये, आणि अभ्यासक्रम संपला म्हणजे परवाना हाती आला असेही समजू नये. परीक्षा व प्रत्यक्ष कामाचा अनुभव दोन्ही लागतात. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन विज्ञान पदवी घेतल्यास विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रकाच्या भरतीलाही बसता येते, पण तुटलेल्या लोखंडात रमणाऱ्या मुलीला मी पहिले दोनच मार्ग सुचवीन.

तूर्त सीईटीचा अर्ज भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित या गटातूनच भरावा. ते खोके टाकू नये. उलट प्रत्येक तुकड्याला तिने एक चिठ्ठी बांधावी: पंप कोणत्या शिवारातला, किती हंगाम चालला, तुटला तेव्हा विजेचा दाब कसा होता. यातले जे तिला कळलेले नाही, त्यापुढे जागा कोरी सोडावी आणि अंदाजाने भरू नये.