मॅचशिवाय बिअर

प्रश्न: लग्नाआधी आम्ही दोघं बंगळूरला नोकरीला होतो. तिथं बायकोला गव्हाच्या बिअरची गोडी लागली. आता मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, पहिली पाळी तीनला सुटते. कधीतरी चांगली बिअर घेऊन दोघांनी बोलत बसावं म्हटलं, तर जाईल तिथं डोक्यावर टीव्ही आणि टीव्हीवर मॅच. निवांत जागा कशी शोधायची?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: तुमचं दुखणं मला नेमकं कळतं. क्रिकेटचं मला वावडं नाही. टिळकवाडीत वाढलोय, लेले ग्राउंडच्या कडेला उन्हात उभं राहून मॅच बघितल्यात. पण समोर बसलेल्या माणसाची नजर बोलता बोलता भिंतीकडं गेली की माझं बोलणंच खुंटतं. त्यात आपलं गाव सीमेवरचं. एका टेबलावर आरसीबीवाले, शेजारी मुंबईवाले, आणि दोघांचा गळा मोकळा.

तुमची पाळी तीनला सुटते हे फार बरं आहे. आयपीएलची मॅच संध्याकाळी साडेसातला सुरू होते. एका दिवशी दोन असल्या, तर पहिली दुपारी साडेतीनला, आणि तसं बहुतेक शनिवार-रविवारीच असतं. म्हणजे मधल्या वारी चार ते सात तुमचे. भारताची टेस्ट चालू असेल तर मात्र वेळापत्रक बघूनच निघा.

जायच्या आधी फोन करा. ‘टीव्ही आहे का?’ एवढंच विचारलंत तर मोठी स्क्रीन आहे म्हणून कौतुकानं सांगतील. त्यापेक्षा टीव्ही न दिसणारं टेबल आहे का, आवाज बंद ठेवाल का, असं विचारा. बायको बरोबर आहे, तर फॅमिली सेक्शनचंही विचारा. बऱ्याच ठिकाणी तो वेगळा असतो आणि तिथं गर्दी कमी असते. आणि विनंती करायची ती बसण्याआधी. कॅम्पातल्या एका बारमध्ये मी ऑर्डर द्यायच्या आधीच वेटरला म्हटलं, ‘हे तेवढं बंद करतोस काय?’ त्यानं गल्ल्यामागून रिमोट आणला आणि बंद केला. हॉल भरल्यावर तेच मागितलं असतं, तर मॅनेजर बिचारा कुणाकुणाला समजावणार?

हा हट्ट नुसता बोलण्यासाठी नाही, बिअरसाठीही आहे. गोंगाटात जिभेला गोडवा कमी जाणवतो. गव्हाच्या जर्मन धाटणीच्या बिअरला जो केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो यीस्टमुळे. त्यात केळं घातलेलं नसतं. ती बर्फासारखी थंड असेल तर तो वास दबतो. ग्लास हातात धरून थोडा वेळ थांबा. फेस खाली बसतो, गढूळ पिवळा रंग दिसतो, आणि मग वास वर येतो. हे समजून घ्यायला शांतता लागते हो.

ताजेपणाचंही बघा. टॅपची असेल तर केग, म्हणजे बिअरचं पिंप, कधी उघडला ते विचारा, बाटली असेल तर भरल्याची तारीख वाचा. उन्हाळ्यात फ्रिजबाहेर पडून राहिलेली बाटली घेऊ नका, नाव कितीही मोठं असो. क्राफ्ट बिअर, म्हणजे थोड्या प्रमाणात बनवलेली बिअर, म्हणून काय देतात ते पारखायचं असेल, तर पुण्यात 2009 साली सुरू झालेल्या डूलाली या छोट्या ब्रुअरीची जातकुळी डोळ्यांसमोर ठेवा. त्यांच्या टॅपरूममध्ये टेबलावर बोर्ड गेम असतात, लोक एकमेकांकडं तोंड करून बसतात. इथल्या मालकांनाही हे सांगा. एक कोपरा विनाटीव्हीचा ठेवा म्हणावं, गिऱ्हाईक आम्ही आणतो. तुमच्यासारखी दोन-चार जोडपी बोलली, तर कुणीतरी ऐकेल.

चोर्ल्यामार्गे गोव्याला गेलात तर तिथंच मुक्काम करा. बसनं जा, पिऊन घाटात गाडी घालू नका. आणि परतताना परवान्याशिवाय बाटल्या आणू नका. कणकुंबीच्या नाक्यावर तपासणी असते.