वाचक विचारतात : दोन क्लब, चौदा गाड्या आणि माणचा माळ

साताऱ्यातला एक आणि सांगलीतला एक, असे फोर-बाय-फोरवाल्यांचे (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाड्यांचे) दोन क्लब थंडीत शनिवार-रविवार एकत्र बाहेर पडणार आहेत. वाट माण-खटावच्या माळांची, मुक्काम दहिवडीच्या बाजूला. सभासदांनी आणि इतर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

आमच्या आठ गाड्या, सांगलीकरांच्या सहा. थार जास्त, दोन जिम्नी, एक गुरखा, तीन जुन्या जिप्सी. आम्ही एकामागे एक जातो, त्यांच्याकडे ज्याला जी वाट जमेल ती तो घेतो. एकत्र कसं चालायचं? (सातारा)

चौदा गाड्यांची एक रांग करूच नका. अवघड चढावर गाडीमागे पाच मिनिटं धरली तरी शेवटच्याचा नंबर लागायला तासाहून जास्त वेळ जातो, आणि मधली एखादी रुतली की वर अर्धा तास. वाट बघून कंटाळलेला ड्रायव्हर शेजारून स्वतःची वाट काढायला जातो. गाड्या उलटतात त्या बहुतेक तिथे, ठरलेल्या वाटेवर नाही.

सात-सातच्या दोन तुकड्या करा, पण क्लबवार नको. दोन्हीकडच्या गाड्या मिसळा. प्रत्येक तुकडीत निदान एक विंचवाली (मोटरने दोर गुंडाळून ओढणारा ड्रम बसवलेली) गाडी, हवा भरायचा एक चांगला कॉम्प्रेसर आणि अवजारांचा हात असलेला एक माणूस हवा. वाट माहीत असलेला सर्वांत पुढे, नवखे दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला, विंचवाली गाडी मधे आणि सर्वांत मागे जाणता ड्रायव्हर. नियम एकच पाळा : आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली की थांबायचं, आणि फाट्यावर मागचा येईपर्यंत हलायचं नाही. पुढच्याला गाठायची धडपड मग कुणाला करावी लागत नाही.

चढावर किंवा ओढ्यात वाट दाखवणारा माणूस एकच. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं, मग ते क्लबचे अध्यक्ष असोत. त्याने ड्रायव्हरला दोन्ही हात दिसतील असं उभं राहायचं, पण गाडी आणि दगड यांच्या मधे नाही आणि उताराच्या सरळ रेषेत खालीही नाही. ‘डावीकडे’ म्हणजे कुणाच्या डावीकडे, यावर घोळ होतोच. त्यापेक्षा ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ म्हणा, ट्रकवाले उगाच तसं म्हणत नाहीत. मूठ वळली की ब्रेक, हा इशारा शुक्रवारी रात्रीच दोन्ही क्लबांत पक्का करा.

वॉकी-टॉकी घेताना ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे, अर्ध्या वॉटपर्यंतचे घ्या. त्यांना परवाना लागत नाही. बाजारात स्वस्तात मिळणारे पाच वॉटचे संच परवान्याशिवाय वापरणं बेकायदा आहे. अर्धा वॉट उघड्या माळावर किलोमीटर-दीड किलोमीटर पोचतो, टेकडी आडवी आली की आवाज गेला.

एवढे लोक बाहेरून येणार, तर त्यांना कास-बामणोली का दाखवू नये? (सातारा)

दाखवा, डांबरी रस्त्यावरून. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेल्या कासच्या सड्यावर कातळाला बोट-दोन बोटं माती असते आणि सगळी फुलं तेवढ्यावर जगतात. तिथे उमटलेली चाकोरी पुढच्या पावसात पाण्याची नळी बनते आणि उरलीसुरली माती वाहून जाते. पुढे कोयना अभयारण्य आणि चांदोलीचं उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकणंसुद्धा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो.

माण-खटावचा मुरमाड माळ या खेळाला जास्त चांगला. पण ‘माळ म्हणजे मोकळाच’ असं समजू नका. खासगी रान असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, गायरान असेल तर ग्रामपंचायतीची आणि वनखात्याची हद्द असेल तर वनखात्याची. पोलीस ठाण्याला गाड्यांच्या नंबरांची यादी द्या. डिसेंबर-जानेवारीत शाळू उभा असतो. बांधावरून चाक गेलं की नुसता बांध ढासळत नाही, दोन भाऊबंदांचं जुनं भांडण उकरलं जातं. मायणीच्या तलावाचा काठ पक्ष्यांसाठी राखीव आहे, तो टाळा. माणगंगेच्या कोरड्या पात्रात शिरण्याआधी चालून या. वाळूउपशाचे खड्डे वरून भरल्यासारखे दिसतात आणि आत भुसभुशीत असतात.

टायरमधली हवा किती कमी करायची? एक जण १८ म्हणतो, एक १२. (विटा)

रस्त्यावर ३२ पीएसआय असेल तर मुरूम-दगडांवर २० ते २२, वाळूत आणि मऊ मातीत १५ ते १८. जिम्नी-जिप्सी हलक्या असल्याने त्यांना याहून एक-दोन कमी चालतं. साध्या रिमवर १५च्या खाली गेलात तर वळताना टायरची कड रिमवरून निसटते आणि मग जॅक, पाना, शिव्या असा कार्यक्रम सुरू होतो. १२ वगैरे आकडे वाळूत रुतल्यावर तेवढ्यापुरते, आणि तेही सरळ बाहेर येण्यासाठी.

हवा थंड टायरमध्ये मोजा. सातारा-दहिवडी पळवून आणलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्तच दिसतात. मोजणी सगळ्यांनी एकाच गेजने करा. दोन क्लबांच्या दोन गेजांत दोन पीएसआयचा फरक निघाला तर आश्चर्य नको.

हवा कमी केली की टायरची बाजू फुगून बाहेर येते, आणि आपल्याकडे तिची वैरीण बाभूळ. तळव्यात घुसलेला काटा लगेच उपटू नका. हवा धरून असेल तर मुक्कामापर्यंत न्या आणि तिथे प्लग मारा. बाजूच्या भिंतीला भोक पडलं तर प्लग मारून डांबरीवर पळवायचं नाही, स्टेपनी लावायची. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून चालवला की फ्यूज जातो. शेवटी डांबरी लागण्याआधी हवा भरा. १८ पीएसआयवर ऐंशीच्या वेगाने पळालेला टायर आतून भाजतो, आणि बाहेरून काही दिसत नाही.

सांगलीकडे काळी माती. थार डिफपर्यंत (दोन चाकांमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्यापर्यंत) रुतली, बंपरच्या हुकाला दोर बांधून तीन झटके दिले, हूक वाकला. चूक कुठे झाली? (पलूस)

तीन ठिकाणी : हूक, दोर आणि फावडं.

आधी फावडं. रिमपर्यंत रुतलेल्या गाडीला हलवायला ढोबळमानाने तिच्या वजनाएवढा जोर लागतो. चिखल चाकाच्या कमानीपर्यंत चढला की दुप्पट, बॉडी टेकली की तिप्पट. दोन टनांची गाडी डिफवर बसली म्हणजे तुम्ही चार-सहा टनांशी झुंजत होता. वीस मिनिटं खणलं असतं तर हा आकडा निम्म्यावर आला असता. चारही चाकांसमोर उतार काढा, डिफखालची माती घमेल्याने बाहेर टाका आणि मग दोराचं नाव घ्या. काळ्या मातीत आणखी एक फसवणूक असते. वर भेगाळलेली पापडी, खाली कालव्याच्या नाहीतर ठिबकच्या पाण्याने लोणी. पहिलं चाक खचल्याचं जाणवताच थांबा. गॅस दाबून चाक फिरवलं की टायरच्या खाचा मातीने बुजतात आणि टायर गुळगुळीत होतो. ओढायची ती मागून, आलेल्या चाकोरीतूनच.

आता हूक. बंपरमध्ये आट्यांनी बसवायचा गोल हूक बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढून नेण्यासाठी असतो. झटका चेसीला बोल्टने धरलेल्या, वजनाचा आकडा कोरलेल्या हुकालाच द्यायचा. ट्रेलरच्या गोळ्याला दोर अडकवू नका. तो तुटून उडाला की काच फोडून माणसापर्यंत जातो. जगभर यात माणसं दगावली आहेत.

आणि दोर. साधा पट्टा किंवा साखळी ताणत नाही, म्हणून तिने झटका द्यायचा नसतो. ट्रॅक्टर मिळाला तर साध्या पट्ट्याने, आधी ताण घेऊन, मुंगीच्या पावलांनी ओढू द्या. ट्रॅक्टरवाल्याला घाई नसते, घाई आपल्यालाच असते. झटक्यासाठी काइनेटिक दोर वेगळा येतो. तो साधारण नऊ मीटरचा असतो आणि वीस-तीस टक्के ताणतो. त्याची तुटण्याची क्षमता दोन गाड्यांपैकी हलकीच्या भरल्या वजनाच्या दोन ते तीन पट हवी. थारला थारने ओढायला सात-आठ टनांचा दोर योग्य. तोच जिम्नीला लावला तर ताणतच नाही आणि साखळीसारखा झटका बसतो. दोन क्लबांचं सामान एकत्र करताना नेमकी ही गल्लत होते, म्हणून प्रत्येक दोरावर टनांचा आकडा रंगाने लिहून ठेवा.

ओढणारी गाडी मीटर-दीड मीटर मागे घेऊन दोर ढिला सोडा आणि फोर-लोच्या (चारही चाकांना जोर, वेग कमी) दुसऱ्या गियरमध्ये, धावत्या माणसाच्या वेगाने निघा. रुतलेल्यानेही फोर-लोमध्ये अलगद साथ द्यावी, चाकं भिंगरीसारखी फिरवू नयेत. दोराच्या मधोमध ओलं पोतं किंवा जड सतरंजी टाका. बघे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि रेषेत कुणीही नाही. दोन-तीन झटक्यांत निघाली नाही तर पुन्हा खणा. शॅकल (दोर आणि हूक जोडणारी कडी) शक्यतो दोराचाच, मऊ घ्या. लोखंडी असेल तर ४.७५ टनांचा, पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे. नाहीतर ताण आल्यावर ती अशी जाम होते की पान्यालाही हलत नाही.

बाहेर आल्यावर रिमच्या आतली माती खुरप्याने काढा. ती एका बाजूला वाळली की साठ-सत्तरच्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि लोक अलाइनमेंटला पैसे घालतात.

विंचला बांधायला माळावर झाडच नाही. मग? (आटपाडी)

बाभळीला बांधू नका, ती मुळासकट येते. दुसरी गाडी जहाजाच्या नांगरासारखी वापरा : तोंड समोरासमोर, चाकांपुढे मोठे दगड, ब्रेकवर पाय. ऑटोमॅटिक असेल तर नुसत्या ‘पी’वर भरवसा नको, आतली खिट्टी मोडते. दुसरी गाडी नसेल तर स्टेपनीला पट्टा बांधून ती तीन फूट खोल पुरा आणि पट्ट्यासाठी तिरकी चर काढा. ९,५०० पौंडांचा विंच म्हणजे सुमारे ४,३०० किलो, पण ही ताकद ड्रमवरच्या पहिल्या थरात असते. भरलेल्या ड्रमवर ती बरीच कमी होते. म्हणून दोर भरपूर सोडा, पण ड्रमवर आठ-दहा वेढे राहू द्या. पुली लावली की जोर जवळपास दुप्पट, वेग निम्मा. इंजिन चालू हवं, नाहीतर बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते.

घाटात पाऊस म्हणून फोर-हाय (चारही चाकांना जोर, वेग नेहमीचा) लावून आलो. वळणावर गाडी अडायला लागली, नंतर लिव्हर निघेना. (कराड)

थार, जिप्सी, जिम्नी यांना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून फरक मिटवतात, डांबरीवर घसरता येत नाही आणि सगळा पीळ गियरांत साठतो. थोडं सरळ मागे घ्या, किंवा एका बाजूची चाकं कच्च्यावर उतरवून दहा-वीस फूट चालवा, मग लिव्हर काढा. जबरदस्ती नको. ओल्या डांबरीवरही टू-हायच, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना.

पाण्यात किती खोल जायचं? (पाटण)

आधी स्वतः चालत जा. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरा. थारची क्षमता ६५० मिलिमीटर आणि गुरखाची ७०० छापलेली असते, पण ती साचलेल्या पाण्यासाठी आणि तळ कडक असताना. उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा. गरम डिफ एकदम गार झालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरची (डिफला हवा आत-बाहेर करू देणारी) नळी तुटलेली असेल तर पाणी आत ओढलं जातं. फोर-लो, पहिला किंवा दुसरा गियर, चालण्याचा वेग. मधे क्लच दाबायचा नाही.

गाडी पाण्यात बंद पडली तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पहिल्याच फेऱ्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर बघा. तो ओला असेल तर पेट्रोलचे स्पार्क प्लग किंवा डिझेलचे ग्लो प्लग काढून मगच इंजिन फिरवा.

विमा मिळतो का? (मिरज)

पॉलिसी वाचा. संघटित शर्यत, वेगाची किंवा क्षमतेची चाचणी यांतलं नुकसान सर्वसाधारण मोटार पॉलिसीत वगळलेलं असतं. म्हणून घड्याळ लावून चढ चढवणं, बक्षीस ठेवणं हे प्रकार सहलीत नकोत. पाण्याने गेलेलं इंजिन वेगळ्या इंजिन-संरक्षण कलमाशिवाय मिळणं अवघड, आणि चावी फिरवून बिघडवलं असेल तर त्यावरूनही वाद होतो.

जानेवारीत माळावर गवत वाळलेलं असतं. त्याने काही होतं का? (म्हसवड)

होतं, आणि याबद्दल फार कमी जण विचारतात. कुसळी गवत सायलेन्सरच्या कवचात आणि गाडीखालच्या गार्डच्या वर अडकतं. बीएस-६ डिझेलमध्ये काजळीची गाळणी स्वतःला साफ करते तेव्हा तिच्या आतलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. अशा वेळी गाडी गवतावर उभी केली की पेटायला वेळ लागत नाही. दर थांब्यावर वाकून खाली बघा, काठीने गवत ओढून काढा आणि गाडी उघड्या मुरमावरच लावा. रेडिएटरची जाळीही तिथेच झटका. इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला की बहुतेक वेळा दोष कूलंटचा नसतो, कुसळांचा असतो.

प्रत्येक गाडीत दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक हवं, ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं. डिकीत बॅगांखाली नको. बॉनेटमधून धूर आला तर बॉनेट पूर्ण उघडू नका. खटका सोडून फटीतून मारा. आग गवतात गेली तर पाण्याचे कॅन आणि ओली पोती लागतील, म्हणून तुकडीमागे निदान चाळीस लिटर जादा पाणी घ्या.

परत आल्यावर गाडी धुतली की झालं ना? (सांगली)

खालूनही धुवा. त्याआधी चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासा, खडकावर ते ढिले होतात. पाण्यातून गेला असाल तर डिफचं ऑइल थोडं सोडून बघा, दुधाळ दिसलं तर पूर्ण बदला. जिप्सीच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस मारा, जुनं पाणीमिश्रित ग्रीस बाहेर येईपर्यंत. काइनेटिक दोर गोड्या पाण्यात बुडवून धुवा आणि सावलीत वाळवा. आत राहिलेली रेती पुढच्या ताणाला धागे कापते.