गनमधून रंगाऐवजी पाणी

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं छोटं पेंटिंग शॉप आहे. दहा एचपीचा नवा कॉम्प्रेसर बसवला, पण पावसाळा लागल्यापासून स्प्रे गनमधून पाणी येतं, रंगाला फोड येतात. फिटर म्हणतो, कॉम्प्रेसरच बदला. काय करू?

उत्तर : कॉम्प्रेसरला हात लावू नका, आधी मान वर करून पाइप बघा. गनकडे उतरणारी लाइन मुख्य पाइपच्या पोटातून काढलेली असणार. उमेदवारीत मीही हेच केलं होतं. उस्तादांनी एक शब्द न बोलता हातात हॅकसॉ दिला.

दाबलेली हवा गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते पाइपच्या तळाने वाहतं. टी, म्हणजे फाटा काढायचा तीन तोंडांचा जोड, खालून मारली की ते सरळ तुमच्या गनमध्ये. टी वरच्या अंगाने मारा, छत्रीच्या मुठीसारखं वळण देऊन मग लाइन खाली आणा. मुख्य पाइपला मीटरला १ सेंमी उतार द्या, कॉम्प्रेसरपासून लांब जाणारा, आणि टोकाला ड्रेन कॉक, म्हणजे साठलेलं पाणी सोडायची तोटी. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी रोज सोडता ना? तरीही ओल राहिलीच तर रेफ्रिजरेटेड ड्रायर, म्हणजे हवा गार करून तिच्यातलं पाणी काढणारं यंत्र, घ्या. रंगकामाला तो आज ना उद्या लागतोच.

आणि जाता जाता : स्वस्त पडतो म्हणून पीव्हीसी पाइप घालू नका. हवेच्या दाबाने फुटला तर तुकडे सुरीसारखे उडतात. लाइन कापण्याआधी टाकीचा गेज शून्यावर आलाय, हे स्वतः बघा.